पदकाची कड

"यावर नाव नाहीये," जाणकार म्हणाला आणि पदक त्यानं बाबांच्या पुढे आलेल्या हातात न देता माझ्या हातात दिलं. वाईट बातमी म्हाताऱ्या माणसाच्या हातात ठेवू नये एवढी रीत त्याच्याकडे होती. जुनी नाणी आणि पदकं पारखायचं त्याचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली, खिडकीला जाळी, टेबलावर हिरवं बनातीचं कापड आणि त्यावर माप घ्यायचा एक चकचकीत व्हर्नियर. त्या व्हर्नियरचे जबडे त्यानं पदकाला आडवे लावले होते, मग उभे, मग पुन्हा आडवे, आणि प्रत्येक वेळी बाबांनी मान पुढे काढून मापाच्या रेघांकडे पाहिलं होतं. सगळा जन्म व्हर्नियर हातात घेऊन गेलेला माणूस. दुसऱ्यानं माप घेतलेलं त्यांना बघवत नाही. "व्यास कमी भरतोय," जाणकार मला सांगत होता, "केसभरच, पण कमी. या मोहिमेच्या पदकांवर कडेला हुद्दा आणि नाव कोरलेलं असायचं. ते कुणीतरी घासून काढलंय." बाबा खुर्चीत ताठ झाले. "नाव आहे," ते म्हणाले. "मी वाचलंय ते. लहानपणी रोज वाचायचो, नखानं." जाणकार समजूतदार हसला, आणि मला त्याचा राग आला, कारण गेलं वर्षभर तसंच समजूतदार मी स्वतः हसत होते. पदक माझ्या मुठीत होतं. अंगठा सवयीनं कडेवरून फिरला, त्याला काहीतरी ओळखीचं लागलं, आणि गरम तव्याला लागल्यासारखा मी तो काढून घेतला. काय लागलं ते मला त्या वेळी कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. मी पदक डबीत टाकलं, जाणकाराचे आभार मानले आणि बाबांची काठी शोधायला लागले, जी त्यांच्या हातातच होती.

पदक नानांचं, म्हणजे बाबांच्या वडिलांचं. साहेबाच्या राज्यात नाना पोलिसात फौजदार होते, डोंगराकडच्या मुलखात बंड झालं तेव्हा त्यांची तुकडी तिकडे गेली होती आणि परत आल्यावर त्यांना हे मिळालं होतं. एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला कुठलासा प्राणी, वर फितीवर एक आडवी पट्टी आणि तिच्यावर त्या डोंगराचं नाव. आमच्या घरात याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. नाना पोलिसात होते, एवढं एक वाक्य होतं, आणि ते उच्चारून झालं की कुणीतरी पाणी मागायचं. पण आई गेली आणि बाबांच्या डोक्यातली मधली वर्षं गळायला लागली. आधी निवृत्तीनंतरची गेली, मग माझ्या लग्नाची आणि काडीमोडाची (ती गेली ते बरंच झालं), मग तंत्रशाळेतली मास्तरकी, मग आई. खालचं मात्र सगळं जागच्या जागी राहिलं, पाणी आटलं की तळातले दगड दिसावेत तसं. आणि त्या तळाशी नाना होते, बुटांना पॉलिश करणारे, मिशीला पीळ देणारे, मुलाला मांडीवर घेऊन कडेवरचं नाव वाचून दाखवणारे. एक दिवस बाबांनी स्वतःच कपाट उपसून ती डबी काढली आणि मला म्हणाले, "याचं काहीतरी करायला हवं, पोरी. मी गेल्यावर नानांना ओळखणारं कोण उरलं?" मी चौकशी केली. पोलिसांच्या प्रशिक्षण शाळेत एक दालन होत होतं, जुन्या अधिकाऱ्यांची पदकं काचेआड लावणार होते, खाली पितळी पाटीवर नाव. फोनवरची बाई गोड बोलली. मात्र राज्य सोडून जाताना साहेबानं कागद जाळले होते, पदकं कुणाकुणाला मिळाली याचा दुसरा पुरावा कुठेच नव्हता, म्हणून कडेवरचं नाव तेवढं बघावं लागेल, म्हणाली. नाव आहे, असं मी तिला छातीठोकपणे सांगितलं. कड बघायचं माझ्या मनात आलंच नव्हतं. आणि बाबांना तर बघायची गरजच नव्हती, त्यांना ते पाठ होतं.

घरी परतताना बाबांना टॅक्सीत बसवलं. खिडकीतून दुकानं मागे जात होती, आणि त्यांचा जबडा हलत होता, मनातल्या मनात कुणाला तरी उलटतपासणीला उभं केल्यासारखा. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, "डबी घरातच होती ना? म्हणजे चोर घरातला." मी म्हटलं, "जाऊ दे ना, बाबा." हे मी गेल्या वर्षात इतक्या वेळा म्हटलंय की आता ते तोंडातून आपोआप गळतं. तो रविवार होता आणि रविवारी काका येतो. बाबांचा धाकटा भाऊ. दोन बस बदलून, दुखरे गुडघे सांभाळत जिना चढून येतो, बाबांची दाढी करतो, नखं काढतो, मग दोघं पत्ते खेळतात आणि बाबांना आधीचा डाव आठवत नाही म्हणून काका प्रत्येक डावात हरतो. बाबा अंगाला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. मला तर नाहीच, मी बाईमाणूस. त्या दिवशी काका शेजारून किल्ली घेऊन, साबणाचा फेस काढून बसलेला, आम्ही आत आलो तसं त्यानं "या मास्तर, गिऱ्हाईक उशिरा आलं तर जादा आकार पडेल," असं म्हटलं, आणि बाबांनी काठी उगारली. "तू," ते म्हणाले. "नानांचं नाव तू खाल्लंस. माझ्यावर जळायचास तू. नाना मला मांडीवर घ्यायचे, तुला घ्यायचे नाहीत." काकाच्या हातातला ब्रश तसाच राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि हे आजारपणाचं बोलणं आहे, मनावर घेऊ नकोस, असं काहीतरी तिघांनी मिळून निभावून न्यावं असं मला वाटलं. पण बाबांचा आवाज चढत गेला, शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला आणि काकानं रुमालानं हात पुसले. "चालू दे तुमचं," तो म्हणाला. दाराशी चप्पल घालताना त्याला वाकता येईना, मी पुढे झाले तर त्यानं पाय मागे घेतला. दाढीचं सामान तो विसरून गेला. पुढच्या रविवारी तो आला नाही. फोनवर म्हणाला, "त्याला माझं तोंड बघायचं नसेल तर उगाच त्याचं रक्त कशाला तापवू? तूच बघ आता, दातवाले." दातवाली मी. लोकांच्या तोंडात बसायचे दात करते, कवळ्या, कॅप, सगळं. बाबांची दाढी वाढत गेली, पांढरी, खरखरीत, जेवताना तिच्यात कण अडकायचे, आणि मी रुमाल पुढे केला की ते तोंड फिरवायचे.

लॅबमध्ये माझं टेबल कोपऱ्यात आहे. दिवा, भिंग, लहानशी मोटर, साच्यांच्या रांगा. दिवसभर हवेत पांढरी भुकटी असते आणि घरी गेल्यावर शिंकले की तीच बाहेर पडते. तिथे मी डबी घेऊन गेले, कशासाठी ते स्वतःशीही न बोलता. कॅप तयार झाली की तिची कड आम्ही भिंगाखाली बघतो, पण भिंगावर माझा फारसा विश्वास नाही. जिभेला कळतं. केसाच्या निम्मीही धार राहिली तरी जीभ दिवसभर तिथेच जाते, सोलवटते, आणि माणूस बिचारा डॉक्टरला शिव्या देतो. म्हणून नवी कॅप मी आधी अंगठ्यानं बघते. आणि मग, दार बंद आहे याची खात्री करून, लॅबमध्ये कुणी बघितलं असतं तर वेड्यात काढलं असतं, मी नानांचं पदक स्पिरिटनं पुसलं आणि त्याची कड जिभेला लावली. चांदीची थंड, किंचित आंबट चव. मी ते हळूहळू फिरवलं. कुठे अडलं नाही. नुसतं नाव घासलेलं असतं तर कड सपाट होऊन दोन्ही बाजूंना धारा उठल्या असत्या. ज्यांना खोटं नाव कोरायचं असतं ते लोक तशा त्या ठेवतात, नवी अक्षरं नीट बसावीत म्हणून, असं जाणकार बोलता बोलता म्हणाला होता. इथे ज्यानं कानस चालवली होती त्यानं नंतर पॉलिश पेपर घेतला होता, त्यावर तेलाचा थेंब टाकला होता आणि दोन्हीकडची धार मोडली होती, पूर्ण फेरीभर, एकसारखी. हात लावणाऱ्याचं बोट कापू नये म्हणून. असा एकच माणूस मला ठाऊक होता, आणि दुसरी मी, जिला त्यानं शिकवलं होतं.

"धार मोडली का?" हा बाबांचा प्रश्न होता. शाळेतल्या मुलांना, मला, सुट्या पैशांवरून भांडणाऱ्या भाजीवालीला सोडून बहुतेक सगळ्यांना. तंत्रशाळेत त्यांचं एक लांब टेबल होतं. मुलं घडवलेला तुकडा आणायची, बाबा माप घ्यायचे, शेवटी डोळे मिटून अंगठा फिरवायचे. काम पास झालं की ते टेबलावर डावीकडे ठेवून द्यायचे, मुकाट्यानं. नापास असलं की मुलाच्या हातात परत. बस, एवढाच निकाल. शाबासकी त्यांच्या तोंडून कुणी ऐकली नाही. सुट्टीत ते मला बरोबर न्यायचे आणि शेगड्याच्या पकडीत लोखंडी पट्टी आवळून कानस मारायला लावायचे, उंची पुरावी म्हणून पायाखाली खोकं देऊन. लोखंडाचा कीस नाकात जायचा, तळहाताला फोड यायचे, आणि मी एक चौकोनी तुकडा केला होता, इतका चकचकीत की त्यात माझं नाक दिसायचं. बाबांनी अंगठा फिरवला आणि तो माझ्या हातात परत दिला. "धार आहे." मी पुन्हा घासला. पुन्हा परत. त्या सुट्टीत तो तुकडा झिजत झिजत मापाखाली गेला, आणि मापाखाली गेलेल्या कामाचं काही करता येत नाही. तो त्यांनी भंगारात टाकला तेव्हा मी रडले नाही, आईच्या पदरात तोंड घालून बसले तेवढी. पुढे मी दात करायला लागले, डॉक्टर मंडळी मला शोधत यायला लागली, मी एकदा बाबांना माझी सगळ्यात बारीक कामाची कॅप दाखवली. त्यांनी भिंगातून पाहिली, अंगठा फिरवला. "चालेल," म्हणाले आणि ती माझ्या हातात परत दिली. तिला डावीकडे ठेवायला त्या घरात टेबलच नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले.

काकाकडे गेले तेव्हा तो बनियनवर बसून शेंगा सोलत होता. मी पदक त्याच्यासमोर धरलं आणि विचारलं, "हे बाबांनी केलं ना?" त्यानं सोललेला दाणा तोंडात टाकायचा तो खाली ठेवला. "कुणी सांगितलं तुला?" "कडेनं." "तुम्ही बापलेक एकाच मातीचे," तो म्हणाला, "वस्तूंशी बोलता आणि माणसांशी अबोला." मग त्यानं सांगितलं, मध्ये मध्ये थांबत, दाण्यांवरची लाल सालं फुंकत. बाबांचं लग्न ठरत होतं तेव्हा आईचे वडील मुलगा बघायला घरी आले होते. माझे लंगडे आजोबा. आम्ही मुलं त्यांना तसंच म्हणायचो आणि ते त्यावर हसायचे, पाय कशानं गेला ते मात्र कधी सांगत नसत. ते त्या डोंगरातले. बंडात त्यांच्या गावावर पोलिसांच्या गोळ्या चालल्या होत्या, तेव्हा ते मिसरूड फुटलेले पोर होते. हे त्यांनी त्या दिवशी चहा पिता पिता सहज सांगितलं, कुणाबद्दल तक्रार नसल्यासारखं, आणि त्यांच्या पाठीमागे भिंतीवर चौकटीत ते पदक होतं. "त्यांनी वळून बघितलं नाही," काका म्हणाला. "पण मी तुझ्या बापाचं तोंड बघितलं. नाना तोवर गेलेले. रात्र जाऊ दिली नाही त्यानं, पाहुण्यांची पाठ वळल्याबरोबर पदक घेऊन शाळेत गेला. मी मागोमाग. शेगड्यात लाकडाचे तुकडे घालून, त्यांत धरून, घासत होता. रडत होता गं. मी म्हटलं, फेकून दे ना त्यापेक्षा. तर म्हणतो, नानांचं आहे, फेकू कसं? आणि ठेवू कसं?" काकानं टरफलं एका बाजूला लोटली. "मग लग्नानंतर त्यानं वहिनीला सांगितलं, जुन्या बाजारात मिळालं म्हणून. डबीत घातलं. झालं." आई घरातल्या कडीकोयंड्यालासुद्धा फडकं मारायची, पण त्या डबीला तिनं कधी हात लावलेला मला आठवत नाही. तिला काय ठाऊक होतं ते विचारायला आता कुणी उरलेलं नाही. मी म्हटलं, "काका, हे त्यांना तू सांगायला हवं होतंस, त्यांनी काठी उगारली तेव्हा." "काय सांगू?" काका चिडला. "की बापाला तूच पुसलंस? त्यापेक्षा मी चोर बरा."

मी सांगितलं. मला वाटलं, खरं ते खरं, काकाच्या डोक्यावर आळ कशाला. आणि आत कुठेतरी मला त्यांना एकदा नापास करायचं होतं का, तेही मी स्वतःला विचारून पाहिलं. सकाळचं ऊन त्यांच्या खुर्चीवर आलं होतं. मी त्यांचे हात धरून सावकाश सगळं सांगितलं, लंगड्या आजोबांपासून. ते ऐकत गेले, तोंड उघडं पडलं. "मी?" ते म्हणाले. "माझ्या हातानं?" आणि त्यांनी दोन्ही तळवे वर करून बघितले, ते कुणा परक्याचे असल्यासारखे, आणि मग जे रडले ते मी आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. नानांची क्षमा मागत होते, लहान मुलाच्या आवाजात. मी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, मला सुचेल ते बोलले. शेवटी थकून त्यांना झोप लागली. उठल्यावर चहा घेतला, बिस्किट बुडवून खाल्लं, आणि माझ्याकडे प्रसन्न चेहऱ्यानं बघत म्हणाले, "पोरी, ती डबी आण बरं. नानांचं मेडल दाखवतो तुला. कडेला नाव आहे." मी डबी आणली नाही. त्यांनी स्वतः शोधून काढली. मग भिंग, मग अंगठा, मग काठी आपटणं, चोर, भाऊ, नानांची मांडी, सगळं पहिल्यापासून. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. सांगितलेलं सगळं वाहून गेलं होतं आणि संताप तेवढा राहिला होता. पुन्हा सांगायचं तर पुन्हा ते रडणं, पुन्हा ती झोप, पुन्हा डबी. नाही सांगायचं तर काका. दालनातल्या बाईला मी फोन करून नाव नसल्याचं सांगितलं. ती हळहळली. "मग आमच्या दृष्टीनं ती नुसती चांदीची चकती आहे हो," म्हणाली, आणि मला तिच्यावर रागावताही येईना.

असे किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. बाबांची दाढी गळपट्ट्याखाली शिरायला लागली होती. मी कामावरून आले की ते खिडकीजवळच्या टेबलाशी असायचे, समोर डबी उघडी. त्या दिवशीही होते. मी लॅबमधलं माझं चांगलं भिंग त्यांना नेऊन दिलं होतं, निदान वेळ तरी जाईल म्हणून, आणि ते डोळ्याला लावून त्यांनी पदक उजेडात धरलं होतं. मी चपला काढल्या, पिशवी ठेवली, आता सुरू होणार म्हणून उभी राहिले. पण ते ओरडले नाहीत. भिंग खाली ठेवून त्यांनी डोळे मिटले आणि अंगठा कडेवरून फिरवायला सुरुवात केली. फेरी पूर्ण झाली. पुन्हा एक फेरी. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं जे मी लांब टेबलापाशी बघायची, पोरं रांगेत उभी असायची तेव्हा.

"धार मोडलीय," ते म्हणाले.

मी जवळ जाऊन उभी राहिले.

"कानस मारून सोडून नाही दिलेलं. नंतर पेपर फिरवलाय. तेल घालून." पुन्हा अंगठा. "हे धाकट्याचं काम नव्हे. त्याला कुठलं येतंय? त्याला खिळा ठोकायला सांगितला तर भिंत खाली येते. उगाच बोललो मी त्याला." माझा जीव भांड्यात पडला, आणि पडतोय तोवर त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं नाही, हातांकडे पाहिलं. माझी बोटं पांढरी होती, भुकटीनं. "या घरात असा हात दोघांचाच आहे," ते सावकाश म्हणाले. "आणि मी तर नानांचं नाव पुसणार नाही."

खिडकीखालून कुणाची तरी सायकल गेली. मला खरं बोलायचं होतं. ते तोंडाशी आलं होतं, आणि त्याच्यामागे ते रडणं उभं होतं.

"तू केलंस?"

"हो, बाबा."

"का गं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. "माझ्या बापाचं नाव होतं ते."

"चुकलं."

त्यांनी मान हलवली, खूप वेळ. मग म्हणाले, "त्याला फोन लाव. ये म्हणावं. दाढी वाढलीय माझी." मी बाहेरच्या खोलीत जाऊन काकाला फोन लावला. "आता कोण चोर?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "मी." "दातवाले," काका पुटपुटला. येतो म्हणाला. उद्या बाबा हे विसरतील, मग पुन्हा डबी, पुन्हा काठी, पुन्हा कदाचित काका, आणि पुन्हा एखाद्या दिवशी अंगठा. मला एवढंच दिसत होतं आणि त्यातलं काहीही माझ्या हातात नव्हतं. आत डोकावले. बाबांची अजून एक फेरी चालली होती, डोळे मिटून. संपली. माझ्या हातात परत देतील म्हणून मी सवयीनं पुढे होऊन हात केला. त्यांचं माझ्या हाताकडे लक्ष नव्हतं. त्यांनी टेबलावरची डबी बाजूला सारली, जागा केली आणि पदक डावीकडे ठेवलं.